कमला सोहोनी: पेशींच्या श्वासाचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञ

कमला सोहोनी यांच्याबद्दल बहुतेकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि त्या स्त्री आहेत म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. १८ जून २०२३ ला गूगलने त्यांच्या ११२ व्या जन्मदिनी डूडल काढले, तेव्हाही फोनवर याच दोन गोष्टी फिरल्या. त्यांनी शोधले काय, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचे केंब्रिजमधले काम वनस्पतींच्या श्वसनावर होते. आपण घेतलेला ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात, रक्तातून पेशीत आणि शेवटी पेशीच्या आतल्या एका अतिशय पातळ पटलावर पोहोचतो. तिथे तो वापरला गेला तरच श्वास घेण्याचा उपयोग. ही व्यवस्था माणसात आहे, किड्यात आहे आणि झाडातही आहे. यातला झाडांचा भाग पक्का करण्यात कमलाबाईंचा वाटा होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांसाठी ही नुसती पुस्तकातली माहिती नाही. कपाशीवर फवारलेले औषध किड्याबरोबर माणसालाही का बाधते, याचे उत्तर इथेच मिळते.

भागवतांच्या घरातली मुलगी

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. मराठी वाचकांना हे घर दुसऱ्या एका नावाने जास्त ओळखीचे आहे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या सख्ख्या, वर्षभराने मोठ्या बहीण. दोघी बहिणींचे विषय वेगळे, पण पटले नाही तर समोर कोण आहे हे न पाहता तसे सांगण्याची सवय सारखीच.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान घेऊन कमला बी.एस्सी. झाल्या आणि यादीत पहिल्या आल्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचे असे त्यांनी ठरवले होते. गुण पाहता अडचण यायला नको होती. संस्थेचे संचालक तेव्हा रामन होते, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, अर्जदार मुलगी.

कमला बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रहाला बसल्या. काळ गांधीजींचा होता, मार्ग ओळखीचा होता. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, हीही अट होती. कमलाबाईंनी ते मान्य केले, पण अपमान विसरल्या नाहीत. अनेक दशकांनी एका सत्कारातही त्यांनी तो बोलून दाखवला. वर्षभराने रामन यांनी त्यांचे काम पाहून प्रवेश नियमित केला आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, म्हणून हा प्रसंग सौम्य करून सांगण्याची गरज नाही.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्याकडे त्यांनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ मध्ये एम.एस्सी. विशेष प्राविण्यासह पूर्ण झाली. डाळींचा हा विषय पुढे मुंबईत पुन्हा येणार आहे.

केंब्रिज आणि बटाटा

शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तिथला जीवरसायनशास्त्राचा विभाग सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचा. जीवनसत्त्वांवरील कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ चे नोबेल मिळाले होते. कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर यांच्यासोबत काम केले. रिश्टर आणि ब्लाश्को यांच्यासोबत त्यांनी अमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, शोधनिबंध लिहिला. हे विकर पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावर असते, हे नंतर समजले. आज पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना सेलेजिलीन किंवा रासाजिलीन दिले जाते, ते याच विकराच्या एका प्रकाराला रोखते. आपल्या गोळीमागे नव्वद वर्षांपूर्वीच्या एका मराठी मुलीचेही थोडे काम आहे, हे त्यातल्या फार कमी रुग्णांना माहीत असेल.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींवर काम करत होते आणि तिथे एक प्रश्न सुटायचा होता.

बटाटा कापून ठेवला की थोड्या वेळात तपकिरी होतो. कापलेल्या पेशींतले एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने हा रंग तयार करते. काही शास्त्रज्ञांना वाटे की झाडे ऑक्सिजन वापरतात तो मुख्यतः याच मार्गाने. म्हणजे प्राण्यांचे श्वसन वेगळे आणि झाडांचे वेगळे. प्राण्यांमधला मार्ग तोवर बराच उलगडला होता. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये किड्यांच्या उडण्याच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये लोह असलेली रंगीत प्रथिने पाहिली होती आणि त्यांना सायटोक्रोम हे नाव दिले होते. ऑक्सिजन मिळाला की या प्रथिनांचा रंग बदलतो, ऑक्सिजन तोडला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. पेशीचे श्वसन डोळ्यांना दिसावे तसे.

कमलाबाईंनी बटाट्यासह वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी शोधले. ते सापडले आणि झाडांच्या श्वसनातही ते काम करते हे दिसले. हिल यांच्यासोबत सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा त्यांचा लेख १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात आला. कित्येक ठिकाणी सायटोक्रोम सी त्यांनीच शोधले असे लिहिलेले दिसते, ते बरोबर नाही. शोध केलिन यांचा. झाडाची पेशीही प्राण्याच्या पेशीसारखीच श्वास घेते, हे दाखवण्यातला वाटा कमलाबाईंचा, आणि तो पुरेसा मोठा आहे.

प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. केंब्रिजला पोहोचल्यापासून पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत १४ महिने लागले. आज पीएच.डी.चे विद्यार्थी हे वाचून हसतील किंवा रडतील.

हे सगळे पटलावर चालते

त्या काळात एक गोष्ट कोणालाच नीट माहीत नव्हती. ही सायटोक्रोम प्रथिने पेशीत नेमकी कुठे असतात आणि त्यांना तिथेच का असावे लागते?

प्रत्येक पेशीभोवती एक आवरण असते, त्याला पेशीपटल म्हणतात. ते मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. रेणूंची पाण्याकडे ओढ असलेली टोके बाहेरच्या बाजूंना, पाण्यापासून दूर पळणाऱ्या शेपट्या आत एकमेकींसमोर. एका मिलिमीटरचे लाख भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही हे पटल पातळ असते. ते भिंतीसारखे घट्ट नसून तेलाच्या तवंगासारखे वाहते असते, आणि त्यात प्रथिने तरंगत असतात. कोणी दाराचे काम करते, कोणी पंपाचे, कोणी निरोप घेण्याचे. मीठ, साखर यांसारखे पाण्यात विरघळणारे पदार्थ दाराशिवाय आत जाऊ शकत नाहीत. मेदात विरघळणारे पदार्थ मात्र थेट पटलातूनच आत शिरतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेशीच्या आतही अशी पटले असतात. शाळेच्या पुस्तकात आपण तंतुकणिका म्हणून शिकलो तो मायटोकॉन्ड्रिया दोन पटलांचा असतो. आतले पटल घड्या पडलेले असते. या घड्या १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या आतल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात. सायटोक्रोम सी हा त्यातला निरोप्या. छोटासा, पटलाच्या बाहेरच्या अंगाला सैल चिकटलेला, एका वेळी एक इलेक्ट्रॉन घेऊन शेवटच्या प्रथिनाकडे नेणारा. तिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. आपण घेतलेल्या श्वासातला बहुतेक ऑक्सिजन इथेच संपतो.

ऊर्जा कुठे मिळते? इलेक्ट्रॉन पुढे जाताना साखळीतली प्रथिने हायड्रोजनचे भारित कण पटलाच्या एका बाजूला लोटतात. धरणामागे पाणी साठावे तसे ते साठतात. बेंबळा किंवा इसापूरची भिंत डोळ्यांसमोर आणा, आणि त्या भिंतीत पाण्याने फिरणारे छोटे टर्बाइन बसवले आहे अशी कल्पना करा. कण परत खाली येताना हे टर्बाइन फिरवतात आणि एटीपी नावाचे इंधन तयार होते. निरोगी माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतके एटीपी बनवतो आणि वापरून टाकतो. ही कल्पना पीटर मिशेल यांनी १९६१ मध्ये मांडली. बरीच वर्षे लोकांनी ती मानली नाही, १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. धरणाची भिंत सच्छिद्र झाली किंवा टर्बाइन अडले, तर आत कितीही पाणी असले तरी उपयोग नाही.

सायटोक्रोमच्या केंद्रस्थानी लोह असते. म्हणून रक्तक्षय असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देतो ते फक्त हिमोग्लोबिन वाढावे म्हणून नसते. लोह कमी पडले की स्नायूंतल्या या साखळीलाही झळ बसते. हिमोग्लोबिन फार कमी नसतानाही काही जणींना सतत थकवा असतो, त्यामागे कधीकधी हे कारण असते. गोळ्या दोन आठवड्यांत बंद करू नका, असे आम्ही सांगतो ते उगाच नाही.

कपाशी, किडा आणि फवारणारा

आता यवतमाळकडे येऊ. २०१७ च्या खरीप हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यातले बरेच जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आले. त्या वर्षी पीक डोक्याइतके वाढले होते. पाठीवर पंप घेऊन अशा पिकातून चालणाऱ्याच्या तोंडावर आणि अंगावर फवारा पडतच राहतो. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली होती.

किडा आणि माणूस दिसायला कितीही वेगळे असले, तरी पेशीच्या पटलावरची यंत्रणा जवळपास सारखी आहे. केलिन यांनी ती किड्यात पाहिली, कमलाबाईंनी झाडात. त्यामुळे या यंत्रणेवर घाव घालणारे रसायन फक्त अळी किंवा पांढरी माशी मारेल आणि माणसाला ओळखून सोडून देईल, असे होत नाही. फरक पडतो तो मात्रेचा, आणि ते शरीरात किती शिरले याचा.

फवारणीच्या औषधांचे पटलाशी दोन तऱ्हेचे नाते असते, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतात. तिथे स्नायूच्या पेशीपटलावर निरोप घेणारी प्रथिने असतात. निरोप पोहोचला की तो पुसून टाकणारे एक विकर असते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. निरोप पुसलाच जात नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ येते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, छातीत कफ भरतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यावर अ‍ॅट्रोपीन आणि पीएएम ही औषधे आहेत, वेळेत मिळाली तर जीव वाचतो.

दुसऱ्या गटातली औषधे थेट मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर जातात. २०१७ मध्ये ज्या औषधांची चर्चा झाली त्यांत डायफेन्थियुरॉन होते. पांढरी माशी आणि कोळी यांच्यासाठी ते कपाशीवर वापरतात. त्याचे रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो, तो वर सांगितलेले टर्बाइनच अडवतो. कोणाला नेमके कोणत्या औषधाने किती बाधले, हे मिश्रणे फवारली असताना सांगणे डॉक्टरलाही अवघड असते. पण एक गोष्ट नक्की: डायफेन्थियुरॉनवर खास उतारा नाही. अ‍ॅट्रोपीन तिथे उतारा म्हणून काम करत नाही. रुग्णाचा श्वास, रक्तदाब, मूत्रपिंडे सांभाळत शरीराला वेळ देणे हाच उपचार. म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो की कोणते औषध फवारले होते. ते माहीत नसले तर उपचाराची दिशा ठरवण्यात मौल्यवान तास जातात. रुग्णाला आणताना बाटली, पुडा, निदान त्यावरच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत आणा. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्हींचा.

नातेवाईक अनेकदा विचारतात की ऑक्सिजन तर लावला आहे, मग तब्येत का सुधारत नाही. नळीतला ऑक्सिजन रक्तात पोहोचतो, रक्तातून पेशीत पोहोचतो, पण पटलावरची साखळी बंद असेल तर पेशी तो वापरू शकत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू असाच आहे. तो साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे कमलाबाईंनी वनस्पतींत अभ्यासलेल्या त्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरच आघात करतो. ज्या खोलीत अशा गोळ्या टाकलेले धान्य आहे तिथे कोणीही, विशेषतः लहान मुलांनी, झोपू नये.

आणि आता मेदाची गोष्ट. पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे फवारणीचे औषध तेलकट द्रावकात विरघळवलेले असते. मेदात विरघळणारे असल्याने ते त्वचेतून आणि मग पेशींच्या पटलांतून सहज आत जाते. न पिता, नुसते अंगावर पडूनही विषबाधा होते ती यामुळे. भिजलेला सदरा अंगावर वाळू देणे म्हणजे दिवसभर औषधाची पट्टी बांधून ठेवण्यासारखे आहे. अंगावर सांडले तर कपडे लगेच काढा, भरपूर साध्या पाण्याने आणि साबणाने अंग धुवा. साबण लागतो कारण तेलकट थर नुसत्या पाण्याने निघत नाही. गरम पाणी वापरू नका, त्वचा घासून सोलवटू नका. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडा. पोटात गेले असेल तर उलटी काढू नका. मिठाचे पाणी, ताक, तूप असे काही पाजू नका. १०८ ला फोन करा. फवारणीनंतर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी डोके गरगरणे, अंधुक दिसणे, मळमळ, छाती भरल्यासारखी वाटणे, यांपैकी काही झाले तर उन्हाने झाले असेल म्हणून घरी थांबू नका.

परत येणे, आणि डाळी

पीएच.डी.नंतर १९३९ मध्ये कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. तिथे जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता. १९४९ पासून तो त्यांनी उभा केला. त्यांचे विद्यार्थी डाळी, नीरा, भात अशा रोजच्या खाण्याच्या पदार्थांवर काम करत. केंब्रिजला इतके मूलभूत काम करून आलेल्या बाईने इथे येऊन डाळींवर वेळ घालवावा का, असे कोणाला वाटेल. मला वाटत नाही. गरिबाच्या ताटात प्रथिने डाळीतूनच येत होती.

डाळी आणि शेंगांमध्ये ट्रिप्सिनला रोखणारे घटक असतात, हा त्यांच्या विभागाचा एक विषय होता. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे विकर. ते अडले की खाल्लेली प्रथिने नीट पचत नाहीत. हे घटक उष्णतेने बऱ्याच अंशी नष्ट होतात, म्हणून डाळ शिजवून खायची. यवतमाळात आज सोयाबीनचे पीक भरपूर आहे आणि सोयाबीनमध्ये हे घटक विशेष असतात. सोयाबीन न भाजता, न उकळता दळून पोळीच्या पिठात मिसळण्याची पद्धत काही घरांत दिसते. वजन वाढावे म्हणून लहान मुलाला ते देत असाल तर आधी उकळून किंवा भाजून घ्या.

नीरेचे काम त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले. नीरेत आणि नीरेपासून केलेल्या गुळात लोह आणि काही जीवनसत्त्वे आहेत, आणि आदिवासी भागातली कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात ती दिल्यास तब्येत सुधारते, असे त्यांना आढळले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. केळापूर, झरी जामणी, घाटंजी या भागांत कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत, सिंदीची झाडे आहेत, तेव्हा हा विषय इथे परका नाही. पण डॉक्टर म्हणून दोन शब्द घालायला हवेत. नीरेत शंभर मिलिलीटरला साधारण दहा-बारा ग्रॅम साखर असते, त्यामुळे मधुमेह असेल तर ती आरोग्यदायी पेय म्हणून पिऊ नका. शिवाय ऊन चढले की ती आंबते आणि तिच्यात अल्कोहोल तयार होते. गरोदर बाईसाठी ताजी, थंड ठेवलेली नीरा आणि दुपारची आंबलेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोहाच्या गोळीला मात्र नीरा हा पर्याय नाही.

कमलाबाई पुढे या संस्थेच्या संचालक झाल्या. ते पद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले, आणि त्याचे कारण पुन्हा तेच होते, असे मानले जाते. बंगळूरच्या दारापासून इथवर तीस वर्षे उलटली होती.

लेबल वाचणारी बाई

उतारवयात त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या कामात होत्या. मुंबईतल्या नऊ स्त्रियांनी १९६६ मध्ये ती सुरू केली होती. १९८२-८३ मध्ये कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या. संघटनेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. दुकानातून जे घरी आणतो त्यात काय आहे हे कळण्याचा हक्क सामान्य माणसाला आहे, हा त्यामागचा विचार.

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला. लाल म्हणजे अतिजहाल विष, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही. सोबत घडी केलेले एक माहितीपत्रक असते, त्यात उतारा कोणता आणि प्रथमोपचार काय हे लिहिलेले असते. अक्षर इतके बारीक असते की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते चष्म्याशिवाय वाचता येत नाही. ज्याच्या हातात पंप असतो तो मजूर तर अनेकदा ते पाहतही नाही, कारण औषध बादलीत कालवून त्याच्यापर्यंत येते. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर फवारणीच्या आदल्या रात्री त्याच्याकडून ते पत्रक मोठ्याने वाचून घ्या, आणि फवारणाऱ्या मजुरालाही औषधाचे नाव सांगून ठेवा.

१९९६ मध्ये अमेरिकेत शियाओदोंग वांग यांच्या गटाला दिसले की सायटोक्रोम सीचे आणखी एक काम आहे. पेशी फार बिघडली की मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलातून ते पेशीत गळते आणि तो पेशीने स्वतःला संपवण्याचा इशारा ठरतो. केमोथेरपीची कित्येक औषधे कर्करोगाच्या पेशी याच मार्गाने मारतात. कमलाबाईंनी बटाट्यात शोधले त्याला साठ वर्षे होत आली होती.

१९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. परिषदेच्या महासंचालकपदावरच्या पहिल्या महिला डॉ. जी. व्ही. सत्यवती होत्या. सत्काराच्या कार्यक्रमातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.